ताम्रपटाचा ठसा आणि त्याची छापील प्रतिमा : वाशीमच्या वाकाटक लेखांच्या निमित्ताने

एखादा ताम्रपट किंवा शिलालेख आपण वाचला असे म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपण वाचलेली असते ती त्याची छापील प्रतिकृती. मूळ पत्रे कोठल्या तरी संग्रहालयात असतात, शिलालेख डोंगरात असतो, आणि अभ्यासकाच्या मेजावर असतो तो ‘एपिग्राफिया इंडिका’चा खंड. पत्र्यापासून या पानापर्यंत अक्षराचा जो प्रवास होतो, त्यात कागद, शाई, काच, चांदीचा क्षार, सरस आणि दगड किंवा जस्त अशी नाना द्रव्ये येतात. आणि जवळजवळ प्रत्येक मुक्कामावर माणसाचा हातही लागतो. पुराभिलेखविद्येच्या विद्यार्थ्याला लिपी शिकविली जाते, व्याकरण शिकविले जाते. हा प्रवास मात्र क्वचितच शिकविला जातो. त्याचे महत्त्व किती आहे, याचा विचार वाशीमच्या वाकाटक लेखांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त विदर्भातील नगर म्हणून त्याचा उल्लेख केला आहे. इंग्रजी अमदानीत वाशीम हे १९०५ पर्यंत वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. पुढे ते अकोला जिल्ह्यात गेले आणि १९९८ मध्ये पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाले. याच गावी १९३९ मध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. त्याच्या राज्यकालाच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले हे दानपत्र आहे. वंशवर्णनाचा भाग संस्कृतात आणि पुढील दानाचा भाग प्राकृतात, अशी त्याची भाषा आहे. य. खु. देशपांडे व द. बा. महाजन यांनी तो प्रथम विद्वानांपुढे मांडला आणि नंतर वा. वि. मिराशी यांनी महाजनांसह ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सव्विसाव्या खंडात त्याचे संपादन केले. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन आणि सर्वसेनाचा पुत्र विंध्यशक्ती ही परंपरा या पत्र्यांनी निःसंदिग्धपणे दिली. वाकाटकांची एक निराळी शाखा वत्सगुल्म येथे नांदत होती, ही गोष्ट येथून इतिहासात आली.

परंतु ती खरोखर प्रथमच आली काय? अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात, व्हरांड्याच्या बाहेर डाव्या बाजूच्या भिंतीवर, हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. त्यात याच शाखेची वंशावळ कोरलेली आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी १८६३ मध्ये अजिंठ्यास जाऊन हा लेख उतरून घेतला. भगवानलाल इंद्रजी यांनी तो १८८१ मध्ये, आणि ब्यूलर यांनी १८८३ मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीच्या चौथ्या खंडात प्रसिद्ध केला. तिघेही थोर विद्वान. तरीही सर्वसेन आणि विंध्यसेन ही नावे त्यांच्या वाचनात यथार्थ उतरली नाहीत. मुख्य शाखेच्या ताम्रपटांतून जी नावे ठाऊक झाली होती त्यांच्याशी हा लेख जुळविला गेला आणि दोन शाखांचा एकच वंश कल्पिला गेला. वाशीमचा ताम्रपट हाती आल्यावर मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि १९४१ मध्ये हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याच्या मालेत त्याचे नवे संपादन प्रसिद्ध केले. भिंतीवरची अक्षरे तीच होती. पाऊणशे वर्षे ती तेथेच होती.

या चुकीचा भार एकट्या छपाईवर टाकणे अन्यायाचे होईल. भिंत झिजलेली आहे, लेखाचा बराच भाग नष्ट झाला आहे, आणि वंशावळ आधी मनात ठरलेली असली की डोळा तिला अनुकूल अक्षरे शोधतो. पण मनात ठरलेले पानावर कसे स्थिर होते, हे कळण्यासाठी त्या काळी प्रतिमा कागदावर कशी येत असे हे पाहिले पाहिजे.

पहिली पायरी शाईच्या ठशाची. पातळ, चिवट कागद ओला करून पत्र्यावर किंवा शिळेवर पसरतात आणि ताठ केसांच्या कुंचल्याने ठोकून तो अक्षरांच्या खोबणीत बसवितात. किंचित सुकल्यावर कापडाच्या बोळ्याने वरून शाई लावतात. खोबणीत दबलेल्या कागदाला शाई लागत नाही. म्हणून काळ्या भूमीवर पांढरी अक्षरे उमटतात, आणि शाई कागदाच्या बाहेरील अंगास असल्यामुळे ती सुलटी वाचता येतात. युक्ती साधी आहे, परंतु तिच्यात खाचखळगे पुष्कळ. गंजाने पडलेला खड्डाही पांढराच येतो आणि अनुस्वारासारखा दिसतो. बोळ्यावर शाई अधिक झाली तर उथळ वेलांटी बुजून जाते. वाकाटकांच्या लेखांत अक्षरांच्या माथ्यावर जी लहानशी चौकट असते, ती तर अशा वेळी सर्वांत आधी भरून जाते.

दुसरी पायरी छायाचित्राची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडियनची रीत या कामात दीर्घकाळ टिकली. आयोडाइड मिसळलेले कोलोडियन काचेवर ओतावयाचे, काच काडीखाराच्या, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या, द्रावात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात ठेवावयाची आणि लगेच हिराकसाच्या द्रावाने प्रतिमा प्रकट करावयाची. पुढे हायपोने ती स्थिर केली जाई. या पद्धतीची काच मंद असते. माणसाच्या चेहऱ्यासाठी तो दोष, पण नकाशा किंवा ठसा यांसाठी तोच गुण, कारण तीत काळे गडद आणि मोकळी जागा स्वच्छ राहते. एवढ्यावर न थांबता पाऱ्याच्या क्षाराने काळेपणा आणखी वाढवीत, म्हणजे मधल्या छटा उरत नसत.

तिसरी पायरी खऱ्या अर्थाने या विद्येचा गाभा होय. पोटॅशियम बायक्रोमेट लावलेला कागद प्रकाशाने बदलतो हे एडिंबरो येथील मंगो पाँटन याने १८३९ मध्ये दाखविले. बायक्रोमेटयुक्त जिलेटीन प्रकाश लागल्यावर पाण्यात विरघळेनासे होते हे टॉल्बटने १८५२ मध्ये ओळखले. आणि फ्रान्समध्ये प्वातव्हॅंने १८५५ मध्ये या गुणाचा उपयोग शिलामुद्रणासाठी केला. १८५९-६० च्या सुमारास मेलबर्न येथे ऑस्बर्नने आणि इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या भूमापन कार्यालयाने त्याला व्यवहारात आणले. साउथॅम्प्टनच्या रीतीत दगडाऐवजी जस्ताचा पत्रा असे, म्हणून तिला फोटोझिंकोग्राफी हे नाव पडले. ते नाव पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाच्या रूपाने आपल्याकडे कायम राहिले आहे.

क्रिया अशी. बायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनाचा लेप दिलेला कागद अंधारात सुकवून काचेवरील व्यस्त प्रतिमेखाली उन्हात ठेवतात. जेथे प्रकाश पोचतो तेथील लेप कठीण होतो. मग सर्व पृष्ठावर तेलकट छपाईची शाई चढवितात, आणि कागद ऊन पाण्यावर सोडतात. प्रकाश न लागलेले जिलेटीन फुगते, विरघळते आणि आपल्यावरील शाई घेऊन निघून जाते; कठीण भागावरील शाई तेवढी राहते. हा कागद दगडावर किंवा जस्तावर पालथा घालून दाबाखाली काढला की शाई त्यावर उतरते. दगडाला डिंक आणि सौम्य नत्राम्ल, जस्ताला मायफळाचा काढा, डिंक आणि फॉस्फरिक आम्ल लावतात. त्यामुळे मोकळी जागा पाणी धरते आणि शाई नाकारते. कागद मध्ये घालण्याचे प्रयोजन ध्यानात घेण्यासारखे आहे. सरळ दगडावरच प्रतिमा उमटविली असती तर छापताना अक्षरे आरशातल्यासारखी उलटी आली असती. पालथ्या कागदाने ती एकदा दगडावर उलटी होतात आणि छापताना पुन्हा सुलटी होतात. आपल्या हवेत हा कागद फार नाजूक. उष्ण व दमट दिवसांत तो अंधारातही थोड्याच दिवसांत आपोआप कठीण होऊन निरुपयोगी ठरतो, त्यामुळे लागेल तसा ताजा तयार करावा लागे. कलकत्त्याच्या सर्वेक्षण कार्यालयात जेम्स वॉटरहाऊस यांनी १८६६ पासून तीस वर्षे या कामाची धुरा वाहिली आणि या रीती भारतीय हवामानात स्थिरावल्या.

आता मुख्य मुद्दा. या पद्धतीत करड्या रंगाला स्थान नाही. दगड शाई घेतो किंवा घेत नाही. तिसरी अवस्था नाही. ठशातील अर्धवट उमटलेली रेघ या वाटेने येता येता एक तर पूर्ण पांढरी होते किंवा पूर्ण काळी. लिप्यंतर छापताना संपादक संशयित अक्षराभोवती चौकोनी कंस घालतो. प्रतिकृतीत मात्र कंस घालण्याची सोय नसते. जे अक्षर संशयित आहे ते तिच्यात निश्चित होऊन येते, नाही तर नाहीसे होते. शिवाय काचेवरील प्रतिमेत ठिपके बुजविणे, रेघ मोकळी करणे, दगडावर शाईने रेघ पुरी करणे किंवा खरवडून काढणे, ही कामे कारागिराच्या नित्याची. त्याच्या दृष्टीने ती स्वच्छता. वाचकाच्या दृष्टीने ते वाचन, आणि तेही लिपी न जाणणाऱ्याने केलेले. संपादकाने पेन्सिलीने दाखवून रेघ पुरी करविली, तर मग संपादकाचे मत हे लेखाचे प्रमाण होऊन बसते आणि पुढचा अभ्यासक त्या प्रमाणावरून त्या मताची खात्री करून घेतो. रसायने या व्यवहारात तटस्थ असतात. जे पुढ्यात ठेवाल ते ती सारख्याच निष्ठेने उतरवितात.

या विषयाचे भान ज्यांना पुरते होते त्यांत जे. एफ. फ्लीट यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. मुख्य शाखेतील दुसऱ्या प्रवरसेनाचा सिवनी ताम्रपट या दृष्टीने उद्बोधक आहे. जेम्स प्रिन्सेप यांनी तो १८३६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये. म्हणजे प्रिन्सेप यांची प्रतिकृती हाताने उतरविलेलीच असणार. फ्लीट यांनी १८८८ मध्ये गुप्त लेखांच्या आपल्या संग्रहात हाच ताम्रपट, अमरावतीकडील चम्मकच्या ताम्रपटासह, पुन्हा संपादित केला, आणि या वेळी प्रतिकृती यांत्रिक रीतीने सिद्ध केली. दोन प्रतिकृती शेजारी ठेवून पाहण्याचा उद्योग प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी करावा. पहिलीत प्रिन्सेप यांच्या काळास अक्षराची आकृती कशी वाटली ते दिसते. दुसरीत पत्र्याचे व्रणही दिसतात. व्रण दिसणे ही प्रतिकृतीची शुचिता होय. फार देखणी, एकसारख्या काळ्या भूमीची, कोठेही ओरखडा नसलेली प्रतिमा दिसली की अभ्यासकाने सावध व्हावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लंडनमधील विल्यम ग्रिग्ज यांच्या कारखान्यातून ‘इंडियन अँटिक्वरी’ आणि ‘एपिग्राफिया इंडिका’ यांच्या असंख्य प्रतिकृती निघाल्या. ठसा येथे घ्यावयाचा, तो बोटीने लंडनला जावयाचा आणि छापील पाने परत यावयाची, असा तो व्यवहार होता. कारागीर मूळ पत्र्यापासून हजारो मैल दूर असल्याने शंका आली तरी पत्रा पाहण्याची सोय त्याला नसे. पुढे कोलोटाइपची रीत आली. तीत जाड काचेवरच बायक्रोमेटयुक्त जिलेटिनाचा थर असतो, तो सुकताना सूक्ष्म सुरकुत्या घेतो आणि प्रकाशाच्या प्रमाणात कमीअधिक शाई धरतो. म्हणजे करडी छटा परत आली. म्युनिचच्या योझेफ आल्बर्टने १८६८ च्या सुमारास ती व्यवहारात आणली. काचेवरून थोड्याच प्रती निघतात; वृत्तपत्राला ती निरुपयोगी, परंतु विद्वत्परिषदेच्या अंकाला पुरेशी. (आपल्या चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच विद्येचे विद्यार्थी होते व १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नक्षाकार म्हणून नोकरीस होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा एका ओळीत उरकली जाते.)

वाशीमच्या ताम्रपटाचे भाग्य असे की तो या रीती प्रौढ झाल्यावर सापडला आणि अनुभवी संपादकाच्या हाती पडला. त्याच परिसरात हिस्से बोराळा येथे पुढे देवसेनाच्या काळचा शिलालेख मिळाला. त्यातील शक ३८० या कालनिर्देशाने वत्सगुल्म शाखेच्या कालगणनेला पक्का आधार दिला, पण त्याच्या वाचनाविषयी विद्वानांत वाद झडले. अशा वादात उभय पक्ष पुष्कळदा एकाच ठशाकडे नव्हे, तर वेगवेगळ्या ठशांच्या वेगवेगळ्या छापील रूपांकडे बोट दाखवीत असतात. आज संगणकावर छायाचित्राचा काळेपणा बोटाच्या एका हालचालीने वाढविता येतो, तेव्हा पाऱ्याच्या क्षाराचे काम दुसऱ्या मार्गाने होते एवढेच. करडी छटा जावयाची ती जातेच.

विद्यार्थ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. जुन्या खंडांतील प्रतिकृतींच्या खाली बारीक अक्षरांत संपादकाचे, मुद्रकाचे आणि कित्येकदा प्रमाणाचे निर्देश असतात; उतारा घेताना तेही टिपून ठेवावेत. मग साधे भिंग घेऊन काळ्या भूमीकडे पाहावे. ती सर्वत्र सारखी आणि अक्षरांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या असतील तर ती प्रकाशशिलामुद्रणाची प्रत. तीतील एकाकी ठिपका किंवा तुटक मात्रा मूळ ठशाशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. भूमीत अळीच्या वळणासारखा बारीक कण दिसला तर तो कोलोटाइप, आणि तेथे कडेची फिकट छाया हीही वाचनसामग्री समजावी. सारख्या अंतरावर ठिपक्यांची जाळी दिसली तर तो जाळीचा ठोकळा. त्यावरून अनुस्वाराचा निर्णय करू नये.