रंधायंत्राची पाती

सुताराच्या हातरंध्यात पाते एकच. पाचरीने ते आवळावयाचे, हातोडीच्या टिचकीने वरखाली करावयाचे. १८२८ साली अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांनी फिरत्या पात्यांच्या रंधायंत्राचे पेटंट घेतले. मुदतवाढी मिळत ते १८५६ पर्यंत टिकले, आणि तोवर गिरणीवाल्यांना त्याचे दाम मोजावे लागले. कामगारांनी मोजलेले दाम याहून जबर होते. ते बोटांचे होते. हाताने लाकूड सरकवावयाच्या जुन्या यंत्रांत पाती धरणारा दांडा चौकोनी असे. तो फिरताना मेजाच्या कडेशी मोठी फट पडे, आणि लाकूड निसटले की हात तीत खोल ओढला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी गोल दांडा आला, फट अरुंद झाली. पाती खाचांत पोलादी पाचरींनी आवळली जाऊ लागली. श्रोतेहो, शेवटी पाचरच कामी आली!

पाती बदलणे मात्र अजून सबुरीचे काम आहे. वीज तोडून, लाकूड बाहेर पडते त्या मेजावर सरळ पट्टी ठेवावी व दांडा हाताने फिरवावा. प्रत्येक पात्याने पट्टी सारखीच सरकवली पाहिजे. केसभर उंच राहिलेले पाते एकटेच कापीत राहते, आणि फळीवर लाटा उमटतात.