अडीचशे कि.मी.चे अंतर : जबलपूर ते नागपूर

जबलपूर जिल्ह्यातील मझौली हे तहसिलीचे गाव विष्णुवराहाच्या प्राचीन मंदिरासाठी ओळखले जाते. काही वर्षांपूर्वी तेथे दौऱ्यावर असताना नागपूरहून निरोप आला : वडिलांची प्रकृती खालावली आहे. जबलपूरचे डुमना विमानतळ ते नागपूर विमानतळ हे अंतर सरळ रेषेत सुमारे २५० कि.मी. आहे. ताशी ५०० कि.मी. वेगाने जाणाऱ्या एटीआर विमानाला हिशेबाने अर्धा तास पुरावा. धावपट्टीपर्यंतची चाल, चढण व उतरण धरून फार तर एक तास. परंतु त्या दिवशी थेट विमान नव्हते. दिल्लीमार्गे गेल्यास हेच अंतर सुमारे १५०० कि.मी. भरत होते, म्हणजे सहापट! अखेर मोटारीनेच निघालो. लखनादौन, सिवनी करीत रात्री उशिरा पोहोचलो. वडील शुद्धीवर होते, हे माझे भाग्य.

वाटेत मनात आले, की हे दुखणे विमानयुगाचे नाही. ते रेल्वेइतके जुने आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे आले व १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरले. १८६७ मध्ये जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोहोचली, तर १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई–कलकत्ता जोडली गेली. दोन्ही शहरे मुंबईशी जोडली गेली, परस्परांशी मात्र नाही. जबलपूरहून स्वतःच्या प्रांताच्या राजधानीला रेल्वेने जायचे, तर भुसावळचा नऊशेहून अधिक कि.मी.चा वळसा पडे. कारण उघड आहे : रूळ टाकले गेले ते बंदर, कापूस आणि डाक यांच्या सोयीने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदिया–नैनपूर–जबलपूर ही अरुंद मार्गाची रेल्वे आली, तेव्हा कोठे हा वळसा टळला.

१९४९ मध्ये नागपूर स्वतःच केंद्र बनले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली टपाल विमाने मध्यरात्री तेथे एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि परत जात. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आणि उच्च न्यायालय जबलपूरला आले. सरकारी कामासाठी नागपूरला जाण्याचे कारणच उरले नाही. नातीगोती मात्र उरली. जबलपूरच्या अनेक मराठी घरांतील सोयरिकी आजही नागपूरकडच्याच आहेत.

अर्थशास्त्राच्या भाषेत हे दुष्टचक्र आहे : प्रवासी कमी म्हणून सेवा नाही, आणि सेवा नाही म्हणून प्रवासी कमी. ते तोडण्यासाठीच २०१६ मध्ये ‘उडान’ योजना आली व तोट्याची भरपाई शासनाने मान्य केली. १० मार्च २०२४ रोजी जबलपूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी कोल्हापूरच्याही. इमारती उत्तम आहेत. पण इमारत म्हणजे जोडणी नव्हे.

वाचकहो, सांगण्याचा मुद्दा एवढाच : अंतर भूगोल ठरवतो, वेळ प्रशासन ठरवते. प्रगतीचे माप विमानतळापासून विमानतळापर्यंत नव्हे, तर मझौलीच्या उंबरठ्यापासून नागपुरातील रुग्णशय्येपर्यंत घ्यायला हवे.