काचेतला तिसरा दिवा

मोटारीच्या मागच्या काचेत मधोमध पेटणारा लाल दिवा आता इतका ओळखीचा झाला आहे, की तो कुणीतरी विचार करून तिथे बसवला हे लक्षातही येत नाही. तो बसवण्यामागे आहे एका मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग.

जॉन व्होएव्होडस्की यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३४३ टॅक्स्यांना मागे मधोमध एक जादा दिवा लावला. ब्रेक जितक्या जोरात लागेल तितकी त्याची उघडझाप जलद होई. तुलनेसाठी १६० टॅक्स्या दिव्याविना ठेवल्या. चालकांना वेगळं काही शिकवलं नव्हतं, आणि मागून येणाऱ्या लोकांना तर प्रयोग चालू असल्याचा पत्ताही नव्हता. दहा महिन्यांनी हिशेब मांडला, तेव्हा दिवा असलेल्या टॅक्स्यांना मागून बसलेल्या धडका ६०.६ टक्क्यांनी कमी भरल्या. हे निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध झाले.

पुढे सरकारी चाचण्या झाल्या. त्यांत उघडझाप गेली, साधा स्थिर लाल दिवा राहिला, तरी फायदा टिकला. मग अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीला हा दिवा सक्तीचा झाला. त्या वेळी वाहतूकमंत्री होत्या एलिझाबेथ डोल. छोट्या ट्रकांना तो १९९४ च्या मॉडेलपासून आला.

या दिव्याचं मर्म त्याच्या जागेत आहे. खालचे दोन दिवे रात्री एरवीही लाल जळत असतात. ब्रेक दाबला की ते फक्त जास्त उजळतात. तो फरक मागच्याच्या डोळ्याला टिपावा लागतो. मधला दिवा मात्र ब्रेकशिवाय लागतच नाही, त्यामुळे त्याचा अर्थ एकच. शिवाय तो उंचावर, नजरेच्या रेषेत असतो. पुढच्या मोटारीच्या काचांतून तिच्याही पुढच्या मोटारीचा दिवा दिसतो आणि पाय आधीच ब्रेककडे वळतो.

तो पाय वळायला लागणारा वेळ हाच सगळा प्रश्न आहे. दिवा दिसणं, अर्थ लागणं, पाय उचलून ब्रेकवर येणं, यात साधारण दीड सेकंद जातो असं धरतात. ताशी ८० किलोमीटर वेगात तेवढ्यात मोटार ३३ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. एलईडी दिवा जुन्या बल्बपेक्षा सुमारे ०.२ सेकंद लवकर पूर्ण उजळतो. याच वेगात ते साडेचार मीटर झाले, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या मोटारीच्या लांबीहून जास्त.

या कथेतला सर्वांत शिकण्यासारखा भाग मात्र सक्तीनंतरचा आहे. १९८७ साली मोटारींना मागून बसणाऱ्या धडकांत या दिव्यामुळे झालेली घट ८.५ टक्के होती. १९८९ ते १९९५ या काळात ती ४.३ टक्क्यांवर स्थिरावली. पहिल्या प्रयोगातल्या साठ टक्क्यांपुढे हे आकडे एवढे लहान का? मोजणीची पद्धत वेगळी होती, हे एक कारण खरं. पण दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं: रस्त्यावर मोजक्याच टॅक्स्यांना दिवा होता तेव्हा तो डोळ्यांत भरत होता, सगळ्यांना लागल्यावर डोळे सरावले. तरीही ४.३ टक्के थोडे नव्हेत. एवढ्या स्वस्त वस्तूने हजारो माणसांना दरवर्षी जखमांपासून वाचवलं.

डोळे सरावले तरी दोन गाड्यांमधलं अंतर आपलं काम करतच राहतं. आपल्या ट्रकांच्या पाठीवर रंगवलेलं ‘सुरक्षित अंतर ठेवा’ म्हणूनच मला त्या दिव्याइतकंच मोलाचं वाटतं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणा. ते म्हणून होण्याआधीच तुम्ही खांबापाशी पोचलात, तर मागे सरा. पावसात हीच मोजणी दुप्पट करा. आणि उद्या गाडी काढण्याआधी घरातल्या कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. तिन्ही दिवे लागत नसतील, तर आधी गॅरेज गाठा.