माथेरान : वाहनबंदी आणि श्रमाचा इतिहास

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेल्या, सुमारे ८०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेल्या माथेरानचा इतिहास सहसा मे १८५० पासून, म्हणजे ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले तेव्हापासून सांगितला जातो. परंतु आसपासच्या ठाकर, कातकरी आणि धनगरांच्या पायवाटा त्यापूर्वीच येथे रुळल्या होत्या. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात या पठारावर वस्ती आकाराला आली आणि १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोहोचल्यावर मुंबईकरांना नेरळपर्यंत गाडीने येणे सोपे झाले. पुढचा चढ मात्र घोड्यावर, पालखीत किंवा पायीच पार करावा लागे.

ही अडचण ओळखून आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने १९०४ ते १९०७ या काळात नेरळ-माथेरान लोहमार्ग बांधला. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट ठेवल्यामुळे डोंगराच्या कडेकडेने तीव्र वळणे घेत सुमारे २१ किलोमीटरची चढण पार करणे शक्य झाले. गाडी आली तरी गावातील रस्ते दीर्घकाळ तांबड्या मातीचेच राहिले, कारण येथे मोटारींना मज्जाव आहे. गावाच्या वेशीवरील दस्तुरी नाक्यावर मोटार सोडल्यानंतर पर्यटकांचे सामान हमालाच्या डोक्यावर जाते, तर वृद्ध व आजारी माणसे अनेक दशके हातरिक्षातून, म्हणजे पुढून एकाने ओढावयाच्या आणि मागून इतरांनी ढकलावयाच्या दुचाकी गाडीतून, नेली गेली.

माथेरानची झाडी, शांतता आणि पायी भटकंतीचा आनंद या श्रमावर उभा आहे. याच गावातील एका नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये जन्मलेले भाई कोटवाल यांनी शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी धान्यकोठारे उभारली आणि स्वातंत्र्यलढ्यात २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य पत्करले. कष्टकऱ्यांच्या माथेरानची ही ओळख येथील प्रेक्षणीय पॉइंटांच्या नावांइतकीच जपली पाहिजे.

२००३ मध्ये हा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत बंद करून हातरिक्षाचालकांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. जंगलाचे रक्षण आणि माणसाची प्रतिष्ठा ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी नाहीत, हे त्यातून स्पष्ट होते. म्हणूनच या गावाचा वारसा मोजताना वृक्ष आणि बंगल्यांबरोबर येथील कष्टकऱ्यांच्या उपजीविकेचाही हिशेब धरला गेला पाहिजे.