गेलेली पत आणि भाड्याचे घर

घर भाड्याने मागावयास आलेल्या माणसाविषयी मालकाच्या मनात दोन प्रश्न असतात. भाडे देण्याची ह्याची ऐपत आहे काय, हा पहिला. आणि दिलेला शब्द हा पाळील काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळकतीवरून कळते. दुसऱ्याचे मात्र माणसाच्या भूतकाळात शोधले जाते. म्हणूनच ज्याचे एखादे कर्ज कधीकाळी थकले, त्याच्या हाती आज पैसा असूनही दार उघडत नाही. बेळगाव-निपाणीच्या मुलखात ह्या दुसऱ्या प्रश्नाचा निवाडा कोणी आणि कसा केला, ते आज थोडक्यात पाहावयाचे आहे.

१८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याच्या चालीचे वर्णन आहे. सावकार नुसती मागणी करून थांबत नसे. ऋणकोवर माणूस बसवी, त्याचे खाणेपिणे अडवी. म्हणजे कर्जाचा हिशेब सरळ घराच्या उंबरठ्यावर येऊन बसे. इंग्रजी अमलात तगाद्याची जागा कोर्टाच्या हुकूमनाम्याने घेतली; परंतु ऋणकोची स्थिती सुधारली असे नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यातून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निघाला. रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता कर्जाचा मुळापासूनचा इतिहास कोर्टाने तपासावा, हे त्याचे मुख्य सूत्र. बुडालेल्या माणसाची हकीकत त्याच्याही तोंडून ऐकावी, हे मान्य झाले. पुढे १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेने शेतकऱ्याचे राहते घर जप्तीतून वगळले.

पत मोजण्याची एक निराळी रीतही ह्याच सुमारास आली. १९०४ च्या कायद्यानंतर १९०५ साली त्या वेळच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे सहकारी पतपेढी निघाली. अशा ग्रामीण पेढ्यांत एकाच्या कर्जाची जबाबदारी सर्व सभासदांवर असे. त्यामुळे गहाण काय आहे, ह्याहून माणूस कसा आहे, ह्याला महत्त्व आले. आणि ते शेजाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार?

पण हे सारे गावाकडचे झाले. शहरातील भाडेकरूस आधार मिळाला तो १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. ह्या कायद्याच्या बाराव्या कलमाचा आशय मोठा मोलाचा आहे. भाडेकरू ठरीव भाडे देत आहे, किंवा देण्यास तयार आहे, तोपर्यंत भाडे थकल्याच्या सबबीवर मालकास ताबा मागता येत नसे. भाडेकरूने इतरत्र कोणाचे देणे बुडविले होते, ही चौकशी कायद्याने केलीच नाही. त्याने फक्त ह्या घराचे भाडे पाहिले. पागडी घेणे हा अपराध ठरविला. भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक केले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेली. पुढे १९६१ च्या म्हैसूर भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या मुंबई कायद्याची जागा घेतली. राज्य बदलले, तरी धागा तुटला नाही: थकबाकीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत बाकी चुकती केली, तर थकबाकीच्या कारणाने घर जात नसे. चुकलेल्यास सावरण्याची मुदत मिळे.

तथापि ह्या संरक्षणास एक मर्यादा होती. ते उंबरठ्याच्या आतल्या माणसास होते. बाहेर उभा असलेल्यास नव्हते. निपाणीकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. हे गाव तंबाखूवर जगलेले. वखारीतले काम हंगामी, विडीची मजुरी नगावर, आणि अडीअडचणीला उचल. अशा मजुराचे उत्पन्न कागदावर दिसतच नसे. मग पत कशावरून दिसावी? १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने आणि १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधीने त्यास कामगार म्हणून ओळख दिली. त्या ओळखपत्रावर घरबांधणीच्या साहाय्याची वाटही खुली झाली.

पुढे काळाचा ओघ फिरला. कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा २००१ च्या अखेरीस अमलात आला. मोठ्या शहरांत महिना ३५०० रुपयांहून व इतरत्र २००० रुपयांहून अधिक भाड्याची घरे त्यातून वगळली गेली. तेथे आता करार आणि अनामत ह्यांचेच राज्य. कर्नाटकात घर ‘लीज’वर घेण्याचीही चाल आहे. एकरकमी मोठी रक्कम मालकापाशी ठेवावी, मासिक भाडे न देता राहावे, आणि मुदतीअखेर रक्कम परत घ्यावी. जुन्या ताबेगहाणाचेच हे भावंड. येथे भाडेकरूच धनको होतो. तेव्हा पत तपासावयाची ती मालकाची! पण ज्याची पत कर्जापायी गेली, त्याने ती गठ्ठा रक्कम आणावी कोठून?

आता तर पत ३०० ते ९०० ह्या आकड्यांत मोजली जाते. २००५ च्या कायद्याने पतमाहिती कंपन्यांना चौकट घालून दिली. ह्या नोंदी मुख्यतः कर्जाच्या आहेत. वर्षानुवर्षे वेळेवर दिलेले घरभाडे त्यांत सहसा उमटत नाही. २०१७ पासून प्रत्येकास आपला अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मागविता येतो. त्यात चूक असेल, तर ती दुरुस्त करून मागण्याचा अधिकारही आहे. तो अवश्य वापरावा.

दोनशे वर्षांच्या ह्या हकीकतीतून एक गोष्ट निघते. थकलेले कर्ज हा माणसाच्या वर्तनाचा एक पुरावा खरा, पण तो एकमेव पुरावा नव्हे. मालकाची धास्तीही खोटी नसते. त्याची म्हातारपणाची भाकर पुष्कळदा त्याच भाड्यावर असते. म्हणून भाडेकरूने पावत्या जपाव्यात, मागील मालकाची चिठ्ठी आणावी, ओळखीचा जामीन पुढे करावा आणि झालेली चूक आपण होऊन सांगावी. मालकानेही तिच्यापुढचे ऐकून घ्यावे. १८७९ साली कोर्टास जे सांगावे लागले, ते घराच्या ओटीवर बसून दोन माणसांना सहज करता येण्याजोगे आहे: नुसता आकडा पाहू नये, हकीकत ऐकावी.