कुटुंबोपासना (मराठी ख्रिस्ती)

घरातल्या माणसांनी रोज, बहुधा दिवेलागणीनंतर, एकत्र बसून करावयाची उपासना. पवित्र शास्त्रातील उताऱ्याचे वाचन, एखादे भजन, घरच्यांच्या व शेजाऱ्यांच्या अडचणी नावे घेऊन मांडणारी प्रार्थना आणि शेवटी प्रभूची प्रार्थना, असा तिचा साधारण क्रम. पाळकांच्या घरभेटी, महिला मंडळ आणि रविवारची शाळा ही तिची पूरक अंगे. रोमन कॅथलिक घरांत तिची जागा प्रामुख्याने जपमाळेची प्रार्थना घेते.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय घरातील बाप्तिस्मा हा बहुधा घर मोडणारा प्रसंग असे. धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकलेल्या व्यक्तीला विवाहविच्छेदाची वाट देणारा कायदा १८६६ मध्ये झाला, तो अशाच कोंडीतून. अहमदनगर भागातील दलित समाजात मात्र कुटुंबेच्या कुटुंबे मंडळीत (चर्चमध्ये) आली. त्यांच्या घरांतील उपासनेविषयी लिहिले गेले कमी, नारायण वामन टिळकांच्या घराविषयी फार. प्रस्तुत नोंदही त्याला अपवाद नाही.

हिंगोली : मंडळी विरळ असलेल्या भागाचे हे एक उदाहरण. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला जिल्हा, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५. ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी. मंडळी अशी विरळ असते तेथे घर हेच उपासनास्थान ठरते. याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते (याविषयी मतभेद आहेत). नामदेवांच्या घरातील अनेकांच्या नावावर अभंग आहेत, दासी म्हणवणाऱ्या जनाबाईंचे तर विपुल. सबंध घराने मिळून भक्ती करावी ही कल्पना मराठी मुलखाला मिशनऱ्यांनी शिकवलेली नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

टिळकांचे घर : नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांना तो धक्का सोसवला नाही. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या पतीजवळ आल्या, तरी आरंभी सोवळे सोडले नव्हते. एका घरात दोन धर्म असा तो संसार होता. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. ही सारी हकिगत ‘स्मृतिचित्रे’त (१९३४–३७) त्यांनी पतीची भीडभाड न ठेवता, हसतहसत सांगितली आहे. ख्रिस्ती कुटुंबजीवनावर मराठीत पुष्कळ उपदेशपर लेखन झाले. त्यातले काहीही या आत्मचरित्राच्या जवळपास येत नाही.

मिशनऱ्यांच्या आरंभीच्या गीतसंग्रहांत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरे बरीच होती. ती देवळात पेटीवर निभावत; घरात, चुलीपाशी, ओठांवर बसत नसत. टिळकांनी अभंग आणि ओवी ख्रिस्ती उपासनेत रुजवली. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. कृष्णराव सांगळे यांची ख्रिस्ती कीर्तने टिळकांच्याही आधीची. टिळकांची गीते ‘उपासना संगीत’ या संग्रहातून आजही म्हटली जातात.

‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र टिळकांनी १९०९ मध्ये आरंभले. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ग्रंथ १९३८ मध्ये, दोघांच्याही मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला.