वय वाढवून सांगितलेली मुले

‘छावणी’ हा शब्द मराठीत आपण फार सैल वापरतो. लष्कराची छावणी, दुष्काळातली चारा छावणी, निर्वासितांची छावणी, आणि नाझींची छळछावणीही. ही प्रस्तावना लिहिताना नव्या वाचकाला माझी पहिली विनंती शब्दाबद्दलचीच आहे: छावणीतून वाचलेल्या मुलाची आठवण वाचायला घेताना कोणती छावणी, हे आधी विचारा.

1944 साली नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीच्या फलाटावर निवड होई. लहान मुले, म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया यांना बहुतेक वेळा थेट गॅसकोठडीकडे धाडत. कामाला उपयोगी दिसेल तो तेवढा मागे राही. पुढे लेखक झालेल्या दोन मुलांचे पाहा. चौदा वर्षांच्या इम्रे केर्तेसने आपले वय सोळा सांगितले. एली विझेल पंधराचा. आधीपासून तिथे असलेल्या एका कैद्याने त्याला बजावले, अठरा सांग. दोघेही पुढे बूखेनवाल्डच्या छळछावणीत पोचले. तिथे कैद्यांच्या गुप्त संघटनेने 66 क्रमांकाची बराक मुलांसाठी राखली होती. 11 एप्रिल 1945 रोजी छावणी मुक्त झाली, तेव्हा तिच्यात सुमारे 900 मुले जिवंत सापडली.

अशा आठवणींना ‘जगण्याची जिद्द’ म्हणून गौरवायची आपल्याकडे रीत आहे. मला ती पटत नाही. सुमारे 15 लाख ज्यू मुले मारली गेली. त्यांना काय जिद्द नव्हती? वाचलेल्याच्या कथेत त्याच्याभोवतीचे हात शोधा, त्या अनोळखी कैद्याचा शब्द शोधा. आणि कथा कधी, कोणत्या भाषेत सांगितली तेही पाहा. विझेलने आधी यिद्दिशमध्ये लिहिले, ते 1956 साली छापले गेले. केर्तेसची हंगेरियन कादंबरी यायला 1975 उजाडले.

मराठी वाचकाला या विषयात शिरायला घराजवळचे एक दार आहे: कोल्हापूरशेजारचे वळिवडे. 1943 ते 1948 तिथे सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बाया आणि मुले. ही मुले नाझींच्या छळछावणीतून आलेली नव्हती. सोव्हिएत सत्तेने 1940-41 मध्ये त्यांच्या कुटुंबांना सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केले होते. तिथली उपासमार सोसून ती इराणमार्गे इकडे आली. त्याच लोंढ्यातून इराणला पोचलेली शेकडो ज्यू मुले 1943 च्या आरंभी कराचीवरून पॅलेस्टाइनला गेली. त्यांतल्या अनेकांचे मागे राहिलेले नातलग नाझींनी मारले. दोन्ही इतिहास एकमेकांत मिसळू नका, पण शेजारी ठेवून जरूर वाचा.

पोलिश कुटुंबे गेल्यावर वळिवड्याच्या बराकींत फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबे आली. तेच आजचे गांधीनगर. तिथल्या बाजारात कापड घ्यायला जाल, तेव्हा एखाद्या वृद्धाशेजारी थोडे बसा आणि त्याला छावणीबद्दल विचारा.